परतीच्या वाटेवर घोडी हातात राहत नाही, बिट बदलू का?

रपेटवाली:
नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसती वाचक होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी घोडी ९ वर्षांची, माझ्याकडे येऊन सव्वा वर्ष झालं. तबेल्यात एकदम गुणी, खरारा करताना डोळे मिटून उभी राहते, खूर मागायच्या आधी उचलून देते. रपेटीला निघताना गेटपाशी थोडी कुरकुर, दोनदा थांबते, मागे वळून बघते, पण निघते. सगळा तमाशा परतताना. आमचा रस्ता म्हणजे आधी सपाट, मग ओढा, मग लांबच लांब चढ, वर टेकडीच्या माथ्यावर थोडं थांबतो आणि त्याच वाटेने परत, सगळं मिळून ८ किलोमीटर असेल. माथ्यावरनं तोंड घराकडे वळवलं की बाई बदलतेच. चालत नाही, धड दुडकतही नाही, नुसती तिरपी तिरपी नाचत उतरते, मान वर, शेपटी सटासट, आणि लगाम ओढला की अजूनच जोर करते. परवा तर ओढ्यात उडी मारली, एरवी पाय टाकायच्या आधी पाणी तीनदा हुंगते ती! माझी एक रिकीब सुटली, पडले नाही पण मानेला मिठी मारून पलीकडे पोचले.

ओळखीतले एकजण म्हणाले की तिचं तोंड मेलंय, लगाम जाणवतच नाही, लांब दांड्यांचं कडक बिट (लगामाचा तोंडातला लोखंडी भाग) घाल, दोन दिवसात सरळ होईल. मला ते पटत नाहीये पण दुसरं काही सुचतही नाहीये. बिट बदलू का? की एकटीने बाहेर नेणंच बंद करू?

चौखूर:
बदला. घोडी लाडावलीये दुसरं काही नाही. घराची ओढ सगळ्याच घोड्यांना असते, तुम्ही सोडता म्हणून ती घेते. आमच्याकडे एक होता असाच, बिट बदललं आणि गाय झाला गाय.

खोगीरभरती:
चौखूर, तुमचा घोडा गाय झाला असेल पण मला आधी ह्या घोडीचं घोडं कुठे पेंड खातंय ते बघू द्या.

रपेटवाली ताई, तुम्ही लिहिलंय माथ्यावरून वळलं की बिघडते. आता माथ्यावर दोन गोष्टी एकाच वेळी होतात, तोंड घराकडे होतं आणि उतार सुरू होतो. तुम्ही पहिलीच धरून बसलाय. उतारावर खोगीर पुढे सरकतं, पुढे सरकलं की खांद्याच्या फऱ्यावर चढतं, आणि घोडा पुढचा पाय लांब टाकतो तेव्हा त्या फऱ्याची वरची कड मागे येते, म्हणजे प्रत्येक पावलाला हाड खोगीराच्या कडेवर आपटतं. त्यात तुमचं वजन वरून. मग तिने मान वर करून तिरपं नाही चालायचं तर काय करायचं बिचारीने. आणि तुम्ही लगाम ओढता म्हणजे पाठीत दुखतंय तर तोंडातही दुखवायचं.

मी म्हणतोय तसंच असेल असं नाही, नुसता अंदाज आहे. पण तपासायला पैसे पडत नाहीत. पुढच्या वेळी माथ्यावर उतरा, तंगाचा पट्टा (पोटाखालून खोगीर आवळतो तो) एक भोक सैल करा आणि उतार संपेपर्यंत तिला हाताने चालवत आणा. पायी शांत आली तर ओढ घराची नाही. पायीही नाचली तर चौखूर बरोबर (अर्धे तरी).

अजून काही माहिती द्या. खोगीर कुठलं, तिच्या मापाचं की आधीच्या घोड्याचं? तिचं वजन, तुमचं वजन? दात शेवटचे कधी घासून घेतले? आणि परत आल्यावर पहिली गोष्ट काय करता?

रपेटवाली:
बापरे, हे डोक्यातच आलं नव्हतं. खोगीर आधीच्या घोड्याचंच आहे, तो गेल्यावर तेच हिला वापरतेय. घेतली तेव्हा नीट बसत होतं, तेव्हा ती बारीक होती पण. नंतर खांद्यात भरलीये चांगलीच, मला वाटलं छान झालं. हल्ली थोडं डुगडुगतं म्हणून खाली जाड पॅड टाकलंय अजून एक.

वजन टेपने मोजलं तर ३८० किलो भरलं. मी ६२, खोगीर ११, शिवाय मागे पिशवी असते पाणी वगैरे, ती ४ किलो असेल. दात दोन महिन्यांपूर्वीच दाखवलेत, ठीक आहेत.

परत आल्यावर लगेच चंदी (दाणा) देते. म्हणजे दमून आलेली असते ना, आल्या आल्या बादली तयारच असते तिची 🙈

खोगीरभरती:
त्या 🙈 मध्येच उत्तर आहे तुमच्या अर्ध्या प्रश्नाचं.

आधी जाड पॅड काढा. बोटात रुतलेल्या अंगठीखाली कापूस कोंबण्यातला प्रकार आहे तो, खोगीर अरुंद झालेलं असताना खाली जाडी वाढवली की अजून आवळतं. डुगडुगतंय कारण खोगीराचा आतला सांगाडा तिच्या खांद्यांवर टेकून अधांतरी राहिलाय, खाली बसतच नाहीये.

घरी बघायचं कसं, तर पॅडशिवाय नुसतं खोगीर ठेवा, जरा पुढे ठेवून केसांच्या दिशेने मागे सरकवा, जिथे आपोआप अडकेल तिथे सोडा. पुढची कड फऱ्याच्या मागे दोन तीन बोटं हवी. मग तंग बांधा, हाताचा पंजा सपाट करून पुढच्या कडेखाली घाला, आणि कुणाला तरी तिचा त्या बाजूचा पुढचा पाय पुढे ताणून धरायला सांगा. तुमचा हात चेमटला तर तिला काय होतं ते कळेलच. आणि रपेटीवरून आल्यावर खोगीर काढलं की लगेच पुसू नका, आधी पाठ बघा. सगळी पाठ घामाने ओली आणि मध्येच कोरडे चट्टे असतील तर तिथे दाब जास्त पडतोय, किंवा खोगीर तिथे अजिबात टेकत नाहीये. दोन्हीत फरक हाताने दाबून कळतो, दाब पडत असेल तिथे ती पाठ खाली घेईल नाहीतर कान मागे टाकेल. पांढरे केस आलेत का तेही बघा, तसे आले असतील तर दुखणं जुनं आहे.

वजनाचं म्हणाल तर स्वार, खोगीर, पिशव्या सगळं मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत असावं असा साधारण हिशोब धरतात. ३८० चे २० टक्के ७६. तुमचे झाले ७७. बोंब मारण्यासारखं नाही, पण पिशवी हलकी करा.

ओलं_गवत:
खोगीरभरतींना +१, मी फक्त बादलीबद्दल बोलते कारण हीच चूक मी चांगली तीन वर्षं केलीये.

आपल्याला वाटतं दमून आलीये, बक्षीस देऊ. घोडीच्या डोक्यात हिशोब सरळ, घर म्हणजे बादली, मग लवकर पोचू. आपणच शिकवलेलं असतं हो. आणि तब्येतीलाही ते बरं नाही, धापा टाकत आलेल्या घोड्याला लगेच दाणा दिला तर पोट धरायची भीती असते, आणि घोड्याला उलटी होत नाही, एकदा गेलं की ते पुढेच जाणार. पाणी मात्र देत जा, गरम घोड्याला पाणी पाजू नये असं जुने लोक सांगतात पण चालत चालत थोडं थोडं पिऊ दिलं तर काही होत नाही, न दिल्यानेच त्रास होतो.

मी काय बदललं सांगते. निघायच्या अर्धा तास आधी थोडं सुकं गवत खायला घालते. घोड्याच्या पोटात आम्ल सारखं सुटत असतं, खात असला नसला तरी, रिकाम्या पोटी दुडक्या चालीत ते वर उडतं आणि जळजळतं, म्हणून थोडा चारा पोटात असलेला बरा. परत आल्यावर खोगीर काढून, अंगावर पाणी घालून, खरारा करून बांधून ठेवते निदान पाऊण तास. दाणा त्यानंतर, आणि रपेट नसलेल्या दिवशीही त्याच वेळेला. म्हणजे दाण्याचा आणि घरी येण्याचा संबंधच तुटला पाहिजे. आणि कधी कधी तबेल्याच्या गेटवरून सरळ पुढे निघून जायचं, अर्धा किलोमीटर जाऊन मग परत. पहिल्या वेळी माझ्या घोड्याने गेटपाशी जो चेहरा केला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही.

चौखूर:
खोगीराचं मान्य, मला ते सुचलं नव्हतं. पण सपाटीवर आल्यावरही ओढत असेल तर काय करणार, पाऊण तासाने दाणा देईन म्हणून तिच्या कानात सांगणार? वर बसलेल्या माणसाला आत्ता काय करायचं ते सांगा की.

खोगीरभरती:
रास्त प्रश्न.

दोन्ही हातांनी ओढायचं नाही. दोन्ही लगाम ताणले की तिला रेलायला भिंत मिळते आणि रस्सीखेचीत ३८० किलो जिंकणार, बिट कुठलंही घाला. एकाच बाजूचा लगाम आत घ्यायचा, मान वळली की मागचा भाग बाजूला सरकतो आणि जोर मोडतो. छोटा गोल मारायचा, किंवा सरळ उलटं वळून घराच्या विरुद्ध दिशेला वीस पावलं चालायचं. चालीवर आली रे आली की लगाम पूर्ण सैल, लगेच, त्याच क्षणी. लोक इथेच चुकतात, घोडा ऐकतो तरी भीतीने धरूनच ठेवतात, मग ऐकून त्याला मिळालं काय? सुरुवातीला एका किलोमीटरला चाळीस गोल होतील, वेळ हाताशी ठेवून निघा. अरुंद वाटेवर आणि उतारावर गोल मारू नका, तिथे उतरून चाला. उतरण्यात कमीपणा काही नाही.

चौखूर:
ठीक. माझ्याकडून एक भर. परत आल्यावर ठोके मोजत जा. जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला शीर लागते बोटाला, १५ सेकंद मोजून चारने गुणायचं. निवांत असताना २८ ते ४४ असतात. साध्या चालीची रपेट करून दहा पंधरा मिनिटं विश्रांती झाली तरी ६४ च्या वर राहत असतील तर नुसता दम नाही, उकाडा किंवा दुखणं काहीतरी आहे. वही ठेवा एक. वाद घालायला आकडे लागतात.

रपेटवाली:
मंडळी, तीन आठवड्यांनी येतेय, उशिराबद्दल सॉरी, पण सगळं करून बघितल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

माथ्यावरून पायी उतरले. काही नाही. शांत. माझ्या खांद्यापाशी नाक ठेवून, मध्ये मध्ये गवताचे तुरे तोडत, जसं काही हीच का ती. मला तिथेच रडू यायला लागलं. त्याच दिवशी खाली आल्यावर खोगीर काढून बघितलं तर सगळी पाठ चिंब आणि खांद्यांच्या मागे दोन्हीकडे तळहाताएवढे कोरडे चट्टे, अगदी कुणीतरी हात ठेवून रंग मारल्यासारखे. डावीकडे बोटाने दाबलं तर गुडघे वाकवून अख्खी खाली गेली. पाय ताणायचा प्रयोगही केला, भावाने पाय धरला आणि माझी बोटं अजून दुखतायत. पांढरे केस नाहीत सुदैवाने. डॉक्टरांना दाखवलं, हाडाला काही नाही, स्नायू सुजलेत, म्हणून दोन आठवडे खोगीर पूर्ण बंद, रोज हाताने फिरवणं.

मग मैत्रिणीचं रुंद सांगाड्याचं खोगीर मागून आणलं आणि चार दिवसांपूर्वी पहिल्यांदा बसले. उतारावर ८० टक्के फरक, तिरपं चालणं गेलंच. पण चौखूरदादा तुम्ही खूश व्हा, सपाटीवर गेटच्या अलीकडे अजूनही ओढते, म्हणजे ती बादलीच. बादली आता पाऊण तासाने मिळते, बाई भिंतीला लाथा मारून निषेध नोंदवतात. काल सव्वीस गोल झाले, परवा एकतीस होते. ठोके काल पंधरा मिनिटांनी ५२, वही केलीये.

बिट जुनंच आहे.

आणि गंमत म्हणजे ओढ्यात आता उडी मारत नाही, उलट मध्यावर जाऊन छान उभी राहते आणि पुढच्या पायाने पाणी उडवत बसते, मी पण भिजते. इतकी खूश दिसते की मी तिला खेळू देते दोन मिनिटं.

ओलं_गवत:
वाचून इतकं बरं वाटलं! दोन आठवडे पाठीला आराम दिलात हे फार छान केलंत.

खोगीरभरती:
मस्त. पण ताई, पाण्यात पाय आपटायला लागली की खेळू देऊ नका, टाच मारून लगेच पुढे काढा. लोळायची तयारी असते ती.

रपेटवाली:
उशीर केलात. मैत्रिणीचं खोगीर सावलीत वाळत ठेवलंय, तिला अजून सांगितलं नाहीये.