आउटबोर्ड इंजिनाचा थ्रॉटल आणि गिअर जड झाला आहे : केबल बदलावी की संपूर्ण रिमोट?

खाडीकाठ :
नमस्कार. देवबागेत आमची फायबरची प्रवासी होडी आहे. तिला ४० अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक आउटबोर्ड (मागे बाहेरून लावलेले) इंजिन आणि बाजूला बसवलेला एका लिव्हरचा रिमोट, म्हणजे केबलद्वारे गिअर आणि थ्रॉटल (वेग) चालवणारी पेटी, आहे. मेअखेरीस जलपर्यटन बंद झाले, तेव्हा होडी वर ओढून ताडपत्रीखाली ठेवली होती. आता हंगामाची तयारी सुरू केली, तर लिव्हर न्यूट्रलमधून पुढे टाकताना दोन्ही हात लावावे लागतात, रिव्हर्सला त्याहून अधिक जोर लागतो, आणि थ्रॉटल मागे घेताना तो मध्येच अडतो. आमच्याकडील मेकॅनिकने इंजिनाचे झाकणही न उघडता संपूर्ण रिमोट बदलण्यास सांगितले आहे. हा खर्च खरोखर आवश्यक आहे का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

जुना_तांडेल :
दोष रिमोटमध्ये, केबलमध्ये की इंजिनाकडच्या जोडणीत, हे ठरल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये. हे ठरवणे फारसे अवघड नाही. इंजिन बंद करून किल्ली काढावी, सुरक्षा दोरीची (चालक पडल्यास खेचली जाऊन इंजिन बंद करणारी) क्लिप काढून ठेवावी आणि प्लगच्या वायरी सोडवाव्यात, कारण पुढे पंखा (प्रोपेलर) हाताने फिरवायचा आहे.

झाकण काढल्यावर दोन केबल आत आलेल्या दिसतील, एक गिअरची आणि दुसरी थ्रॉटलची. दोन्हींची टोके पिनेवरून सोडवावीत. सोडवण्यापूर्वी मोबाइलवर छायाचित्र घेतलेले बरे. आता इंजिनाकडचा थ्रॉटलचा दांडा बोटाने उघडून सोडावा. तो स्प्रिंगने चटकन मागे आला पाहिजे. रेंगाळत आला, तर कार्बोरेटरच्या झडपा जुन्या पेट्रोलच्या चिकट थराने अडकत आहेत किंवा जोडणीवर मीठ धरले आहे, असे समजावे. गिअरचा दांडा हाताने हलवताना दुसऱ्या कोणाला तरी पंखा हळूहळू फिरवायला सांगावे. इंजिन बंद असताना खालच्या गिअरबॉक्समधील डॉग क्लचचे, म्हणजे गिअर जोडणाऱ्या दातेरी भागाचे, दात समोरासमोर येऊन अडतात आणि गिअर पूर्ण पडत नाही. हा दोष नव्हे, तरीही अनेक जण त्यालाच 'गिअर जाम' म्हणून मोकळे होतात आणि लिव्हरवर ताकद लावून केबल वाकवून ठेवतात.

इंजिनाकडे सर्व सुरळीत असेल, तर केबल सुटलेल्या अवस्थेतच रिमोटचा लिव्हर हलवून पाहावा. तो अजूनही जड असेल, तर रिमोट होडीच्या बाजूवरून सोडवून त्याच्या मागची केबलची टोकेही काढावीत आणि प्रत्येक केबल स्वतंत्रपणे हाताने ढकलून-ओढून पाहावी. केबल निर्दोष निघाली आणि मोकळा लिव्हर तरीही जड राहिला, तरच रिमोटवर संशय घ्यावा. तेव्हाही प्रथम थ्रॉटलचा घट्टपणा ठरवणारा स्क्रू पाहावा. लाटांवर लिव्हर आपोआप सरकू नये म्हणून तो आवळलेला असतो, आणि कोणीतरी तो गरजेपेक्षा जास्त आवळून ठेवलेला मी अनेकदा पाहिला आहे.

तुम्ही रिव्हर्स अधिक जड असल्याचे लिहिले आहे. माझा कल त्यामुळे केबलकडे आहे. ही केबल एका दिशेला ओढली जाते आणि दुसऱ्या दिशेला ढकलली जाते. आतली तार गंजली असेल तर ढकलताना ती नळीच्या भिंतीवर दाबली जाऊन अधिक अडते.

रेवदंडा_बंदर :
एवढा खटाटोप करण्यापेक्षा केबलचे एक टोक उंच टांगावे आणि फनेल लावून रात्रभर तेल सोडावे, असा माझा सल्ला आहे. आमच्याकडे नारळी पौर्णिमेच्या आधी बहुतेक जण हेच करतात आणि लिव्हर लोण्यासारखा चालू लागतो.

जुना_तांडेल :
तो काही दिवस चालतो, हे खरे आहे. परंतु या केबलच्या आत प्लास्टिकची नळी असते, त्यात कारखान्यातच वंगण भरलेले असते आणि नंतर तेल घालण्याची तिची रचनाच नसते. बाहेरचे आवरण तडकले की खारे पाणी आत शिरते, तार गंजते आणि फुगते. तेलाने तो गंज निघत नाही, काही काळ ओला राहतो एवढेच. भर समुद्रातून किनारा गाठण्यासाठी हा उपाय मान्य आहे. प्रवासी भरून जेट्टीला लागताना गिअर न्यूट्रलवर आला नाही तर काय होईल, याचा विचार केला तर हंगामभर त्याच्यावर विसंबणे मला योग्य वाटत नाही.

खाडीकाठ :
आपण सांगितल्याप्रमाणे सर्व तपासले. इंजिनाकडचे दोन्ही दांडे सहज हलतात. रिमोटमधील ग्रीस वाळून मेणासारखे झाले होते. ते पुसून सागरी वापराचे ग्रीस लावल्यावर मोकळा लिव्हर हलका चालू लागला. गिअरची केबल मात्र होडीच्या मागच्या भागात जिथे वळते, तिथे तिचे काळे आवरण उभे चिरले आहे आणि वाकवल्यावर त्यातून तांबूस पाणी येते. थ्रॉटलची केबल थोडीशीच जड आहे. तीही बदलावी का? आणि नव्या केबलची लांबी कशी ठरवावी?

जुना_तांडेल :
दोन्ही बदलाव्यात. त्या एकाच वयाच्या आहेत, एकाच वाटेने गेल्या आहेत आणि एकच पाणी प्यायल्या आहेत. रिमोट मात्र तुमचा चांगला आहे, तो ठेवावा. लांबी बहुधा आवरणावर छापलेली असते. पुसली गेली असल्यास जुनी केबल सरळ करून टोकापासून टोकापर्यंत मोजावी. दुकानात जाताना जुनी केबल सोबत न्यावी, कारण रिमोटच्या बाजूची टोके सर्वांची सारखी नसतात.

बसवताना ज्या वळणावर जुनी चिरली, तेच वळण पुन्हा देऊ नये. सर्वसाधारण केबलला ८ इंचांपेक्षा लहान त्रिज्येचे वळण चालत नाही. इंजिन दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि वर उचलून पाहावे, केबल कुठेही ताणली जाता कामा नये. इंजिनाजवळ प्लास्टिकच्या पट्टीने ती करकचून बांधू नये.

जुळवणी करताना लिव्हर न्यूट्रलवर ठेवावा आणि पंखा दोन्ही दिशांना मोकळा फिरतो आहे याची खात्री करून इंजिनाकडचा गिअरचा दांडाही न्यूट्रलवर आणावा. मग केबलचे टोक फिरवत जावे, ते न ओढता, न ढकलता आपोआप पिनेवर बसले पाहिजे. टोकाचे आटे किमान ८ मिलिमीटर आत गेलेले असावेत. यामाहाच्या दुरुस्ती पुस्तिकांत हेच माप दिलेले असते. त्यानंतर नट आवळून क्लिप लावावी. थ्रॉटलचेही तसेच, फक्त लिव्हर मागे घेतल्यावर दांडा आपल्या थांब्याला पूर्ण टेकला पाहिजे.

पाण्यात उतरवल्यावर होडी दोन्ही बाजूंनी जेट्टीला बांधून, कमीत कमी वेगावर पुढचा आणि मागचा गिअर टाकून पाहावा. सुरक्षा दोरी त्या वेळी मनगटाला अडकवलेली असावी.

खाडीकाठ :
मनःपूर्वक आभार. उद्या मालवणात जुन्या केबल दाखवून नव्या आणतो. चौकशी केली असता, दोन्हींचे मिळून नव्या रिमोटच्या तुलनेत बरेच कमी पैसे पडतील असे दिसते.