डीजे मीटरवर ७४, तरी खिडक्या थरथरतात: खोटं कोण बोलतंय?

गल्लीकर:
ध्वनिप्रदूषण नियम, २००० मधला ५(४) सांगतो की सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या क्षेत्राच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. व्यापारी पेठेत दिवसाची मर्यादा ६५, म्हणजे ७५ पर्यंत मुभा. आता मिरवणुकीत मीटर ७४ दाखवतो आणि त्याच वेळी वरच्या मजल्यावर फडताळातली भांडी वाजतात. मंडळ म्हणतं आम्ही कायद्यात आहोत, रहिवासी म्हणतात मीटर बिघडलाय. दोघांनाही मान्य होईल असं मोजायचं कसं? फोनमधलं ॲप चालेल का? 'सण आमचा' आणि 'सगळं बंद करा' हे दोन्ही कृपया इथे नको, त्यासाठी वेगळे धागे आहेत.

मापाडी:
मीटर बिघडलेला नाही. तो जे मोजायला सांगितलंय तेच मोजतोय.

नियमातलं एकक डेसिबल (ए) आहे. त्या 'ए'चा अर्थ असा की मोजण्याआधी खालच्या पट्टीतले सूर गाळणीतून जातात. १०० हर्ट्झला (म्हणजे सेकंदाला १०० कंपनं) १९, ६३ हर्ट्झला २६ आणि ५० हर्ट्झला ३० डेसिबल वजा होतात. म्हणजे निव्वळ ६३ हर्ट्झचा १०० डेसिबलचा दणका मीटरवर ७४ म्हणून उमटतो. तुमचा आकडा तिथूनच आलाय. मीटर 'सी'वर, म्हणजे खर्ज जवळजवळ न कापणाऱ्या दुसऱ्या गाळणीवर फिरवा, तोच दणका ९९ दिसेल.

ही गाळणी १९३० च्या दशकातल्या श्रवणप्रयोगांवरून आली. हलका आवाज ऐकताना कान खर्जाला कमी दाद देतो, ती ४० फॉनची (फॉन म्हणजे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं एकक) वक्ररेषा पायाला धरली. मोठ्या आवाजात कान तसा वागत नाही. पण सोपी म्हणून तीच मोजपट्टी जगभर कायद्यात बसली, आणि सबवूफरच्या (फक्त बेस वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या) भिंतीपुढे तिने आपोआप एक बाजू घेतली. ताशाचा कडकडाट २ ते ४ हजार हर्ट्झच्या आसपास असतो. तिथे 'ए' काही कापत नाही, उलट एखादा डेसिबल वाढवतो. त्यामुळे ताशा मीटरवर पूर्ण सापडतो आणि बेस निसटतो. मोजपट्टी तटस्थ असते असं समजणाऱ्यांनी हे एकदा करून पाहावं.

भांडी का वाजतात तेही सांगतो. ६३ हर्ट्झची लहर साडेपाच मीटर लांब असते. एकेरी भिंत असो की खिडकीची काच, वारंवारता निम्मी झाली की अडवण्याची ताकद साधारण ६ डेसिबलने घटते. शिवाय १० फुटी खोलीचा स्वतःचा पहिला अनुनाद, म्हणजे खोलीत आपोआप घुमणारा सूर, ५६-५७ हर्ट्झला येतो, म्हणजे नेमका बेसच्या पट्ट्यात. त्यात दाब भिंतीलगत सर्वांत जास्त आणि खोलीच्या मध्यावर सर्वांत कमी. पलंग भिंतीला टेकवलेला असेल तर झोपणाऱ्याच्या वाट्याला तोच जास्तीचा दाब येतो.

तळटीप:
मोजणीबद्दल. फोनचा माइक बोलणं टिपायला बनवलेला असतो. बरेच फोन खालची पट्टी छाटतात आणि मोठ्या आवाजात स्वतःच पातळी दाबतात. नेमकं जे मोजायचंय तिथेच तो गळतो, म्हणून भांडण मिटवायला ॲप नको.

किमान क्लास २ (अचूकतेचा दर्जा) चा मीटर आणि ९४ डेसिबल, १००० हर्ट्झचा कॅलिब्रेटर, म्हणजे मीटर तपासायला ठरावीक आवाज देणारं उपकरण, घ्या. सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही वेळा तपासा. अर्ध्या डेसिबलहून जास्त फरक आला तर ती मोजणी टाकून द्या. मीटर तिकाटण्यावर, जमिनीपासून १.२ ते १.५ मीटर उंच, आणि जमेल तिथे भिंतीपासून साडेतीन मीटर लांब. माइकवर स्पंजची टोपी हवीच, नाहीतर वारा बेससारखा मोजला जातो. गल्ली अरुंद असेल तर साडेतीन मीटर मिळत नाहीत. तेव्हा जागा आराखड्यावर खूण करून ठेवा आणि दर वेळी तिथूनच मोजा.

पाच मिनिटांचा 'एलईक्यू', म्हणजे तेवढ्या वेळाची सरासरी पातळी, घ्या, ए आणि सी दोन्ही. मग डीजे बंद असताना तीच मोजणी परत. फरक १० च्या वर असेल तर पार्श्वभूमी विसरा. ६ असेल तर वाचनातून साधारण १ वजा करा. ३ च्या आत असेल तर त्या जागेवरून काहीच सिद्ध होत नाही.

सी वजा ए १५-२० च्या वर गेलं, तर तक्रार बेसची आहे हे कागदावर आलं. कायदेशीर मर्यादा मात्र 'ए'चीच आहे. 'सी'चा आकडा मंडळाशी बोलायला वापरा, गुन्हा नोंदवायला नाही.

खर्जवाला:
साउंडच्या बाजूने सांगतो. आवाज बंद न करताही बरंच करता येतं.

एकाच गाडीवर चिकटून ठेवलेले सब (सबवूफर) एकमेकांत मिसळतात, दुप्पट केले की ६ डेसिबल वाढतात. म्हणून निम्मे काढले तर ६ कमी होतात. ४० हर्ट्झखाली २४ डेसिबल प्रति सप्तकाचा हाय-पास, म्हणजे खालचे सूर कापणारी गाळणी, लावा. त्याखाली गाणं जवळजवळ नसतं, फक्त जनरेटरचं डिझेल जळतं आणि काचा हलतात. लिमिटर (ठरलेल्या पातळीवर आवाज जाऊ न देणारं यंत्र) ॲम्प्लिफायरच्या आधी लावा, मंडळाच्या माणसासमोर सेट करा आणि त्यावर सील लावा. मिक्सरवरच्या 'समजुती'ला अर्थ नाही, रात्री नऊनंतर फेडर (आवाजाची सरकपट्टी) वरच जातो.

तीन सबमधला एक मागे तोंड करून, ध्रुवता (विजेच्या जोडणीची दिशा) उलटी करून आणि योग्य विलंब देऊन लावला तर मागच्या बाजूला १० डेसिबलहून जास्त घट मिळू शकते. पण हे मोकळ्या मैदानातलं गणित. पेठेतल्या गल्लीत समोरासमोरच्या भिंती आवाज परत फेकतात, अंतर दुप्पट झाल्यावर ६ डेसिबल कमी व्हायचे तेही होत नाहीत. तिथे सब कमी करणं हाच उपाय. मांडवात आरतीसाठी स्पीकरची एक मोठी भिंत लावण्यापेक्षा दर ८-१० मीटरवर छोटे कॉलम स्पीकर लावा, शेवटच्या रांगेला ऐकू जावं म्हणून पहिल्या रांगेचे कान भाजावे लागत नाहीत.

मापाडी:
तंत्रापलीकडचं एक बोलायलाच हवं. भंगारवाल्याची २० सेकंदांची ८० डेसिबलची हाळी तासाच्या सरासरीत ५७-५८ होते. तरी सोसायटीचा पहिला फलक त्याच्याविरुद्ध लागतो, कारण त्याला हटवणं सोपं. दिवसभर ७०च्या वर वाहणारा रस्ता मात्र 'शहर आहे, चालायचंच' म्हणून सुटतो. शांततेची मागणी करताना ती कोणाकडून करतोय हे पाहायला हवं. भोंगा, कीर्तन, वरात, प्रचारसभा, सगळ्यांना तीच खूण केलेली जागा आणि तोच मीटर. एकालाच मोजलं तर ती मोजणी राहत नाही, पाळत होते. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये ध्वनिक्षेपक हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असं म्हटलं, तेही सर्व धर्मांना धरून.

गल्लीकर:
'सी'चं समजलं. पण मंडळाचं म्हणणं असं की १५ दिवसांची सूट असल्याने त्या दिवसांत मर्यादाच लागू नाही.

तळटीप:
चूक. त्याच नियमांतल्या ५(३) ची सूट फक्त वेळेची आहे, रात्री १० ऐवजी १२ पर्यंत, वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस. आकडा शिथिल होत नाही. उलट १० नंतर रात्रीची मर्यादा लागते: व्यापारी ५५, निवासी ४५, त्यात १० मिळवा. म्हणजे दिवसाचा ७५ रात्री दहाच्या ठोक्याला तुमच्या पेठेत ६५ होतो. परवानगीपत्रावर हे दोन्ही आकडे आणि मोजणीची जागा लिहून घ्या, आणि त्या रात्रीच्या नोंदीत एलईक्यूबरोबर सर्वोच्च पातळीही टिपा, झोप मोडते ती सरासरीने नाही.