अमेरिकेचे यादवी युद्ध गुलामगिरीवरून झाले की संघराज्य टिकवण्यासाठी?

प्रश्न
लिंकन यांनी ऑगस्ट १८६२ मध्ये एका संपादकाला लिहिलेल्या जाहीर पत्रात, एकाही गुलामाला मुक्त न करता संघराज्य वाचत असेल तर आपण तसे करू, असे स्पष्ट म्हटले आहे. मग हे युद्ध गुलामगिरीवरून झाले असे कशाच्या आधारे म्हणायचे? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
पत्र खरे आहे. परंतु त्याच्या महिनाभर आधी, २२ जुलैला, लिंकन यांनी मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा मंत्रिमंडळाला वाचून दाखवला होता आणि रणांगणावर यश मिळेपर्यंत थांबण्याचा सल्ला मानून तो बाजूला ठेवला होता. शिवाय दक्षिणेतील राज्ये फुटली कशासाठी, हे आधी पाहावे. मिसिसिपीने फुटून निघण्याच्या निवेदनात आरंभीच आपली भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे निगडित असल्याचे लिहून ठेवले आहे.

प्रतिसाद २
या चर्चेत गुलामांनी स्वतः काय केले, हे नेहमी मागे पडते, याचे मला फार वाईट वाटते. मे १८६१ मध्ये, युद्धाला जेमतेम सहा आठवडे झाले असताना, फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तिघे रात्री होडी वल्हवत व्हर्जिनियातील फोर्ट मन्रो या उत्तरेच्या किल्ल्यावर पोहोचले. दक्षिणेच्या तोफांसाठी मोर्चे बांधण्याच्या कामाला त्यांना जुंपले होते. मालकाच्या वतीने एक अधिकारी पांढरे निशाण घेऊन आला आणि पळालेले गुलाम परत देण्याच्या कायद्यावर बोट ठेवू लागला. तेव्हा सेनापती बटलर, जे पेशाने वकील होते, त्यांनी सांगितले की व्हर्जिनिया स्वतःला परका देश म्हणवत असेल, तर अमेरिकेचा कायदा तिला लागू होत नाही. त्यांनी तिघांनाही ‘युद्धातील जप्त माल’ ठरवून ठेवून घेतले. शब्द अपमानास्पदच होता; तरीही काही आठवड्यांतच शेकडो स्त्रीपुरुष मुलाबाळांसह त्या किल्ल्याच्या आश्रयाला आले. आपण मांडलेले दोन्ही प्रश्न त्या दिवशी एकाच उत्तरात गुंतले.

प्रतिसाद ३
वरील प्रतिसाद पटला. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ती याच मुक्तीच्या कार्यासाठी. मात्र १ जानेवारी १८६३ चा जाहीरनामा बंडखोर प्रदेशापुरताच होता. संघराज्याशी एकनिष्ठ राहिलेल्या डेलावेअर आणि केंटकीत गुलामगिरी डिसेंबर १८६५ मधील तेराव्या घटनादुरुस्तीपर्यंत कायदेशीर राहिली. त्या दुरुस्तीला डेलावेअरने १९०१ मध्ये संमती दिली, आणि केंटकीने १९७६ मध्ये.