अस्तरीकरण फक्त पाणी वाचवायला नसतं

कुणीतरी लिहिलंय की कालव्याला अस्तर (तळाला आणि बाजूंना काँक्रीटसारखा थर) लावतात ते गळती थांबवून पाणी वाचवायला. अमेरिकेत कोलोरॅडो नदीकाठच्या ग्रँड व्हॅलीत मुख्य हेतू वेगळा होता. तिथे मातीखाली मँकोस शेल आहे, प्राचीन समुद्रतळाचा क्षारयुक्त खडक. कच्च्या कालव्यातून मुरलेलं गोडं पाणी त्यातून झिरपताना क्षार विरघळवतं आणि खारं होऊन नदीत उतरतं. त्याची झळ पार खालच्या शेतकऱ्याला! १९६१ पासून ॲरिझोनातल्या शेतांच्या निचऱ्याचं खारं पाणीही नदीत आलं, मेक्सिकोतल्या मेक्सिकाली खोऱ्यातल्या पिकांचं नुकसान झालं. त्यातून १९७३ चा मेक्सिकोशी करार, अमेरिकेचा १९७४ चा क्षारनियंत्रण कायदा. बांधावरचा क्षारांचा पिठासारखा पांढरा थर ज्यानं बोटानं खरवडून पाहिलाय, त्याला हे लगेच पटेल. मात्र शेतात अतोनात पाणी सोडणं चालूच राहिलं, तर तेही तसंच मुरून क्षार विरघळवतं; नुसत्या अस्तरानं भागत नाही.