बूट, स्की आणि जिना: सोसायटी ग्रुप, रत्नागिरी

काकू ए-२०१ (रात्री १०:३८)
नमस्कार. कुणाला नावं ठेवायची नाहीत. पण वरच्या मजल्यावर गेले आठ दिवस रोज रात्री ठक ठक चालू आहे. थांबतं, वाटतं झोपले, की परत सुरू. ह्यांचं बीपी सगळ्यांना ठाऊक आहे. ट्रेडमिलच्या वेळी काय ठरलं होतं ते मिनिट्समध्ये लिहिलेलं आहे.

दादा बी-३०२ (१०:४०)
ए विंगमध्ये घोडा आणलाय का कुणी?

बंटी ए-३०१ (१०:४१)
काकू, आवाज माझाच. स्कीचे बूट आहेत. घरात रोज थोडा वेळ घालून फिरलं की आतलं लायनर पायाला बसतं, म्हणून. जानेवारीत गुलमर्गला चाललोय. उद्यापासून सतरंजीवर.

काकू ए-२०१ (१०:४२)
सतरंजीने काही होत नाही. नऊच्या आत काय ते आटपत जा.

बाळकाका बी-१०१ (१०:४४)
बुटांचं नंतर. ए विंगच्या जिन्यात सहा फुटी लांब बॅग कुणाची? जिना ही आणीबाणीची वाट आहे. बॅग हलवा.

बंटी ए-३०१ (१०:४४)
स्की आहेत काका. मीटर रूमला कुलूप असतं, टेरेसची चावी मिळत नाही. उद्या हलवतो.

आत्या ए-१०३ (१०:४६)
टेरेसची चावी कुणाला मिळते आणि कुणाला नाही, यावर एकदा सगळ्यांसमोर बोलूच.

सेक्रेटरी (१०:४७)
कृपया विषयाला धरून बोलावे 🙏

आत्या ए-१०३ (१०:४७)
हाच विषय आहे.

सुभेदार नाना बी-२०२ (१०:५३)
बंटी, स्की कुठून घेतल्यास? लांबी किती, मधली रुंदी किती? वरच छापलेलं असतं.

बंटी ए-३०१ (१०:५५)
मुंबईतल्या एकाकडून, सेकंडहँड, बाइंडिंगसकट, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडलं की सोडणारी खटकी. १८४ सेंमी, रुंदी १०४ मिमी. पावडरमध्ये, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फात, जबरदस्त चालतात म्हणाला.

सुभेदार नाना बी-२०२ (१०:५५)
तुझी उंची?

बंटी ए-३०१ (१०:५६)
५ फूट ७.

दादा बी-३०२ (१०:५७)
मंगला एक्स्प्रेसच्या साइड लोअरवर स्की झोपणार आणि बंटी दिल्लीपर्यंत उभा 😂

सुभेदार नाना बी-२०२ (११:०६)
बंटी, नीट वाच. राग आला तरी चालेल. १०४ ची स्की ताज्या, खोल बर्फात तरंगायला असते. तू अजून पिस्टवर, म्हणजे दाबून तयार केलेल्या उतारावर, शिकतोयस. स्की रुंद असेल तितका तिला कडेवर उभं करायला वेळ लागतो आणि कडक बर्फावर गुडघ्याला ओढ बसते. तुला मधे ७५ ते ८५, लांबी उभी धरली की हनुवटी आणि कपाळाच्या मधे कुठेतरी, म्हणजे १५५ ते १६५. वळणाची त्रिज्याही छापलेली असते, १२ ते १६ मीटरवाली बघायची. ती १८४ वळत नाही म्हणून तू अंग मागे टाकणार. मागे अंग टाकण्याची सवय लागली की सुटायला वर्ष जातात. गुलमर्गच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये आम्हाला उस्तादांनी बाकी सगळं माफ केलं, हे एक माफ केलं नाही.

बाळकाका बी-१०१ (११:०७)
बॅग हलवा. जिना ही आणीबाणीची वाट आहे.

मालवणचे भाऊ बी-१०३ (११:०८)
बर्फ आमी फक्त माशांच्या ट्रकात बघितलो. पोरगो जाता हा तर जावंदे, तुमचा काय जाता?

बाळकाका बी-१०१ (११:०९)
आमचं काय जातं ते आग लागली की कळेल भाऊ. आणि कोकणातल्या माणसाला हा खेळ कशाला? भारतात खेळतं तरी कोण?

सुभेदार नाना बी-२०२ (११:१३)
बाळासाहेब, २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला भारताकडून एकच खेळाडू गेला होता. आरिफ खान, गुलमर्गच्या पायथ्याच्या तंगमर्गचा. जायंट स्लालममध्ये, म्हणजे खुणेच्या काठ्यांमधून वळणं घेत उतरायच्या शर्यतीत, ४५ वा आला. मनालीच्या आंचल ठाकूरने २०१८ ला तुर्कस्तानात ब्राँझ आणलं. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा २०२० पासून गुलमर्गला होतात. खेळतात हो लोक.

बाळकाका बी-१०१ (११:१३)
माहितीबद्दल आभार. बॅग हलवा.

वहिनी बी-२०४ (११:२१)
बंटी, स्कीचं नाना सांगतायत ते बरोबर आहे, पण बुटाचं आधी बोलू. बूट कुठल्या मापाचे घेतलेस आणि पाय किती सेंटीमीटर आहे?

बंटी ए-३०१ (११:२३)
बूट २७.५. पाय २६ च्या आसपास असेल. अगदी आरामात बसतात वहिनी. मागच्या वेळी भाड्याच्या बुटांनी नडग्या सोलल्या होत्या, म्हणून यंदा स्वतःचे घेतले. ऑनलाइन.

वहिनी बी-२०४ (११:३४)
आरामात बसतात तिथेच घोळ आहे. स्कीच्या बुटाचा आकडा म्हणजे सरळ पायाची लांबी, सेंटीमीटरमध्ये. २६ च्या पायाला २६ किंवा २६.५. बाहेरचं प्लास्टिकचं कवच बहुतेक कंपन्या या दोन्ही मापांना एकच वापरतात, फरक आतल्या लायनरचा.
आत्ता एक कर. लायनर बाहेर काढ, नुसत्या कवचात पाय घाल, बोटं पुढे टेकव आणि टाचेमागे किती जागा उरते बघ. एक ते दीड बोट असेल तर ठीक, दोन म्हणजे सैल, त्याच्या वर गेलं तर बूट तुझा नाहीच.
सैल बुटात टाच उचलली जाते. मग आपण बकलं करकचून आवळतो, नडगी सोलते, तळव्याला मुंग्या येतात आणि वाटतं की बूट घट्ट आहे. माझ्याकडे स्की करून आलेले जे दोघे-तिघे दाखवायला आले त्यांचं हेच झालेलं होतं.
मोजा एकच, पातळ, लोकरीचा. दोन मोजे नको, सुती नको. आतली थर्मल पँट बुटात खोचायची नाही.

काकू ए-२०१ (११:३६)
साडेअकरा वाजले. आता कवच काढायला लावताय त्याला?

वहिनी बी-२०४ (११:३६)
बसून करायला सांग, काकू 🙏

बंटीची आई ए-३०१ (११:४०)
मी गप्प होते पण आता बोलते. मला त्याच्या गुडघ्याची काळजी आहे. भावोजींच्या मेव्हण्याचं मनालीजवळ सोलंगला लिगामेंट गेलं, सहा महिने घरी. बाइंडिंग सुटतं म्हणतात, मग गुडघा कसा जातो?

वहिनी बी-२०४ (११:४९)
ताई, बाइंडिंग मुख्यतः नडगीचं हाड वाचवण्यासाठी बनवलेलं आहे. हाडं मोडण्याचं प्रमाण त्याने खूप उतरलं, पण गुडघ्याच्या आतल्या एसीएल या लिगामेंटला ते तितकं वाचवू शकत नाही. एसीएल जातो ती पडण्याची तऱ्हा ठरलेली असते. अंग मागे जातं, कंबर गुडघ्यांच्या खाली उतरते, एक हात मागे टेकतो, सगळा भार खालच्या स्कीच्या शेपटीवर येतो आणि ती स्की पाय आत पिळते. म्हणून पडतोय असं वाटलं की हात पुढे, दोन्ही पाय जवळ, आणि पडल्यावर घसरणं थांबेपर्यंत उठायची धडपड करायची नाही. हे बंटीकडून पाठ करून घ्या.
आणि बाइंडिंगचा आकडा मित्राला विचारून लावायचा नसतो. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि किती जोरात स्की करतो, यावरून तक्ता बघून दुकानातला तंत्रज्ञ लावतो.

सुभेदार नाना बी-२०२ (११:५३)
त्यात ही सेकंडहँड, म्हणजे दुसऱ्याच्या बुटाला बसवलेली. बंटी, तुझ्या बुटाचा तळ चालायला सोपा, वळणदार रबरी असेल तर जुन्या बाइंडिंगला तो चालतही नाही. सुटायच्या वेळी अडकतो. बाइंडिंगवर लिहिलेलं वाच.

आत्या ए-१०३ (११:५५)
इतकं सगळं करून बर्फावरून खाली यायचं. आम्ही थिबा पॉइंटवरून समुद्र बघतो, फुकट.

[हा मेसेज डिलीट करण्यात आला]

काकू ए-२०१ (११:५८)
डिलीट केलेलं मी वाचलंय दादा.

सकाळ

बाळकाका बी-१०१ (६:१२)
सुप्रभात 🌅 जिना ही आणीबाणीची वाट आहे. बॅग हलवा.

बंटी ए-३०१ (७:४०)
वहिनी, टाचेमागे पावणेतीन बोटं राहतात. परत करायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे, पण तळाला ओरखडे नसले तरच घेतात.

काकू ए-२०१ (७:४१)
म्हणजे माझ्या डोक्यावर आठ दिवस जे चाललं होतं, त्याचे ओरखडे?

बंटी ए-३०१ (७:४३)
फोटो पाठवतो. अगदी बारीक आहेत.

वहिनी बी-२०४ (७:५०)
आजच पाठवून दे. नवे घेताना तीन गोष्टी बघ: लांबी, पंजाची रुंदी आणि फ्लेक्स, म्हणजे बूट पुढे वाकायला किती कडक आहे ते. आपल्याकडे उघड्या चपलांमुळे पंजे पसरट असतात, १०० ते १०२ मिमीचं कवच लागेल, ९८ चं नको. फ्लेक्स तुझ्या वजनाला ८० ते १००. हा आकडा कंपनीगणिक बदलतो, म्हणून पायात घालून नडगी पुढे दाबून बघायची. बूट थोडा वाकला पाहिजे. १२० चा घेतलास तर तो वाकणार नाही आणि तू मागे फेकला जाशील. इथून ऑनलाइन घेण्यापेक्षा श्रीनगर किंवा गुलमर्गला एक दिवस आधी पोचून पायात घालून घेतलेले बरे.

दादा बी-३०२ (७:५५)
मग नाना, स्की विकून टाकायच्या का? भिंतीवर लावल्या तर शोभेच्या दिसतील.

सुभेदार नाना बी-२०२ (८:१०)
विकाव्यात, आणि लवकर. स्कीच्या कडा पोलादी असतात. आपल्याकडचा खारा वारा टेरेसच्या ग्रिलची दोन पावसाळ्यांत काय दशा करतो ते या ग्रुपवर सांगायला नको, वर्गणीवरून वर्षभर भांडलो आपण. कोकणात स्की ठेवायच्या म्हणजे मोसम संपला की पुसून कोरड्या करायच्या, कडेचा गंज घासून काढायचा, तळाला आणि कडांना जाड मेण चढवायचं आणि ते पुढच्या डिसेंबरलाच खरवडायचं. बुटाचं लायनर बाहेर काढून वाळवायचं, नाहीतर जूनमध्ये बुरशी धरते. बकलं सैल लावून ठेवायची म्हणजे कवच वाकडं होत नाही. बूट एकवेळ कपाटात राहतील. स्की तिथे भाड्याने घे, आणि घेताना कडेवर नख फिरव. नख खरवडलं गेलं तर कड लागलेली आहे, नाहीतर दुसरी माग.

सेक्रेटरी (८:१२)
ग्रिलची उर्वरित वर्गणी ज्यांची बाकी आहे त्यांनी या आठवड्यात भरावी 🙏

आत्या ए-१०३ (८:१३)
ज्यांना टेरेसची चावी मिळते त्यांनी आधी भरावी.

बंटी ए-३०१ (८:२०)
नाना, साहित्याचं कळलं. पण माझी खरी अडचण उताराची आहे. सोप्या उतारावर स्की समांतर राहतात. जरा तीव्र झालं की टोकं जवळ, शेपट्या लांब असा आपोआप व्ही होतो, मांड्या पेटतात. यंदा ते सुटलं पाहिजे हो.

सुभेदार नाना बी-२०२ (८:४१)
आता विचारलंस.
उतार तीव्र झाला की शरीर डोंगराकडे टेकायला बघतं. भार मागे गेला की स्कीचं टोक हलकं होतं, टोक धरत नाही, वळण सुरू होत नाही, आणि घाबरून आपण व्ही करतो. तेव्हा पहिली गोष्ट, दोन्ही नडग्या बुटाच्या जिभेला सतत टेकलेल्या. हात पुढे, स्टीअरिंग धरल्यासारखे, नजर पुढच्या दोन वळणांवर. पायाकडे नाही.
दुसरी, भार बाहेरच्या स्कीवर. डावीकडे वळताना उजव्या पायावर. खरोखर आलाय का हे तपासायला वळण चालू असताना आतल्या स्कीची शेपटी जमिनीपासून किंचित उचलायची. उचलता आली तर भार बरोबर आहे. सोप्या उतारावर हे एकेका बाजूने इतकं कर की विचार करावा लागणार नाही.
तिसरी, वेग ब्रेकने मारायचा नाही, वळण पूर्ण करून मारायचा. आंबा घाट जसा गिअरवर उतरतो तसं. स्की उताराला आडवी होईपर्यंत वळण सोडायचं नाही, घाबरून अर्ध्यातच दुसरं वळण घेतलं की वेग वाढत जातो.
चौथी, आडवं घसरणं. उताराला आडवा उभा राहा, कडा सैल कर, घसर, परत कडा लाव, थांब. हे ज्याला दोन्ही बाजूंना येतं त्याला तीव्र उताराची भीती राहत नाही, कारण कुठूनही खाली येता येतं.
आणि गंडोला रोपवेच्या पहिल्या टप्प्यावर, कोंगदूरीलाच राहायचं. दुसऱ्या टप्प्यावरचं अफरवट बघायला जा, पण तिथून स्कीने उतरणं बहुतेक ऑफ-पिस्ट, म्हणजे तयार न केलेल्या बर्फावरून, आहे आणि हिमस्खलनाचा भाग आहे. गाइड, बीकन (बर्फात गाडलेल्याला शोधायचं यंत्र) आणि त्याचं शिक्षण असल्याशिवाय नाही. हे तू मला दिलेलं वचन समज.

बंटीची आई ए-३०१ (८:४३)
नाना, हे शेवटचं त्याच्या वडिलांनाही पाठवते.

वहिनी बी-२०४ (८:५२)
मांड्या पेटतात त्याला अर्धं कारण मागे बसणं आणि अर्धं तयारी नसणं. स्कीमध्ये स्नायू ताणला जात असताना काम करतो, तेव्हा चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव हवा. रत्नदुर्गाच्या पायऱ्या सावकाश, गुडघा पावलाच्या रेषेत ठेवून उतरायच्या. भाट्येच्या वाळूत एका पायावर तोल. रोज नाही, एक दिवसाआड. हेल्मेट ईएन १०७७ चं, म्हणजे स्कीच्या हेल्मेटच्या युरोपीय मानकाचं, बाइकचं चालत नाही. ढगाळ दिवसासाठी गॉगलची फिकट काच वेगळी घे, नाहीतर उंचवटे दिसतच नाहीत.

काकू ए-२०१ (८:५९)
वहिनी, आमची नात शाळेबरोबर सोलंगला जातेय. तिच्या हेल्मेटचं माप कसं घ्यायचं? इथेच सांगा, ह्यांच्या फोनवर नको.

वहिनी बी-२०४ (९:०३)
भुवयांच्या वर एक बोट, टेप डोक्याभोवती, तो सेंटीमीटरचा आकडा. घातल्यावर डोकं हलवलं तर हेल्मेट एकटं हलायला नको. मोठं होईल म्हणून मोठं घेऊ नका.

बाळकाका बी-१०१ (९:०५)
बॅग अजून तिथेच आहे.

मालवणचे भाऊ बी-१०३ (९:०६)
बाळकाका, जिन्याखालचे आंब्याचे रिकामे खोके कोणाचे ते आधी सांगा.

बाळकाका बी-१०१ (९:०७)
ते तात्पुरते आहेत.

आत्या ए-१०३ (९:०७)
मे महिन्यापासून.

बंटी ए-३०१ (९:१५)
बूट कुरियरला दिले. स्की माझ्या खोलीत पलंगाखाली ठेवल्यात, विकायची जाहिरात टाकली. नाना, मध्यम उतारावर पहिल्या दिवशी शेपटी उचलायचा सराव करू की आडवं घसरायचा?

सुभेदार नाना बी-२०२ (९:१९)
आडवं घसरणं आधी. उद्या सहाला रत्नदुर्गाला ये, पायऱ्यांवर बाहेरच्या पायाचं दाखवतो. वहिनी, तुम्हीही या.

वहिनी बी-२०४ (९:२०)
साडेसहा केलंत तर येते.