मदत हवी आहे: एसटीपी (मैलापाणी शुद्धीकरण केंद्र) चालवणाऱ्या मुलांच्या प्रशिक्षणासाठी सरकारी पैसा कुठल्या योजनेतून मिळतो?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी,

रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या एका छोट्या शहरात मैलापाणी शुद्धीकरण केंद्रावर काम करतो. शिक्षण आयटीआय इलेक्ट्रिशियन. केंद्र दीड एमएलडीचं, म्हणजे दिवसाला १५ लाख लिटर. बांधून दोन पावसाळे झाले. ठेकेदाराने चालवून द्यायची मुदत येत्या मार्चअखेर संपते, त्यानंतर सगळा भार नगरपंचायतीवर.

माझ्या हाताखाली चार जण आहेत. एक आधी पाणीपुरवठ्याच्या पंपावर होता, दुसरा मच्छीमारी बोटीवर इंजिन बघायचा, तिसरा बारावी झालेला, आणि चौथा मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून आलेला आयटीआय फिटर. चौघंही मनापासून राबतात. पण मैलापाणी शुद्ध होतं म्हणजे नेमकं काय होतं, हे त्यांना कुणी कधी शिकवलेलं नाही. मलाही नाही. ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा मारणारं यंत्र, बसवायला आलेल्या मेकॅनिकच्या मागे मागे फिरून जे कळलं तेवढंच.

आता लिहायचं कारण सांगतो. गणपती झाल्यावर केंद्रावर कुजक्या अंड्यांचा वास सुटला. एअरेशन टाकीतलं, म्हणजे ज्या टाकीत हवा मारतात तिच्यातलं पाणी एरवी तपकिरी असतं, जवळ गेलं की ओल्या मातीचा वास येतो. ते काळं पडलं होतं आणि वर गाळाचे पापुद्रे गोवऱ्यांसारखे तरंगत होते. लॉगबुकात ब्लोअर चोवीस तास चालू. विजेचं मीटर मात्र वेगळंच सांगत होतं. रात्रपाळीच्या दादाला बाजूला घेऊन विचारलं, तर त्याने लपवलं नाही. म्हणाला, "रात्री साडेदहानंतर पाणी येतंच किती? टाकी भरली की पंप बंद करायचा, तसंच इथे. हवा मारायची कुणासाठी? बिल उगाच वाढतं."

त्याचं काय चुकलं? पाणीपुरवठ्यावर बारा वर्षं तो तेच शिकला होता. ह्या टाकीत जिवंत जिवाणू आहेत, घाण तेच खातात, आणि रात्रीही त्यांना श्वास लागतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. लॉगबुक कसं भरायचं ते मात्र सांगितलं होतं. केंद्र पूर्वपदावर यायला तीन आठवडे गेले. तोवर जे पाणी खाडीत गेलं ते आठवलं की मला अजून झोप लागत नाही. त्याच खाडीत आमच्या बायका कालवं काढतात.

दुसरा प्रसंग दिवाळीचा. पर्यटकांची गर्दी, त्यात वेट वेलमधल्या, म्हणजे मैलापाणी साठतं त्या विहिरीतल्या, पंपात कापड अडकलं. मी पॅनल उघडून बसलो होतो. मागे वळून बघतो तर बारावीवाला पोरगा कमरेला दोरी बांधून शिडीवर एक पाय ठेवून उभा. "दोन मिनिटांत काढतो दादा." मी धावत जाऊन त्याची कॉलरच धरली. त्या विहिरीत हायड्रोजन सल्फाइड साठतो. थोडा असला तर वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं, वासही कळत नाही, आणि माणूस तिथेच कोसळतो. शेवटी साखळीने पंप वर ओढून घेतला. त्याच्या आईला हे मी अजून सांगितलेलं नाही.

तेव्हापासून कार्यालयात विचारतोय, या मुलांना कुठे तरी पाठवा. उत्तर एकच, "प्रशिक्षणाला हेड नाही." म्हणजे त्या खर्चाची तरतूदच नाही. त्यात प्रशासक, त्यात आचारसंहिता. केंद्र बांधायला कोटींनी पैसा आला, आणि चार माणसांना आठवडाभर शिकवायला हेड नाही, हे मला पटत नाही.

केंद्र किंवा राज्य सरकारच्या कुठल्या योजनेत अशा चालकांच्या प्रशिक्षणाला पैसा आहे का? अर्ज कुणी करायचा, नगरपंचायतीने, ठेकेदाराने की मुलांनी स्वतः? युवा योजनेतल्या मुलाचे अकरा महिने लवकरच संपतील. आता कुठे त्याचा हात बसलाय, त्याला टिकवता येईल का? आणि शिकवणारी संस्था कोकणाच्या आसपास आहे का? कृपया ज्यांना माहिती आहे त्यांनी लिहा.

निवृत्त पाणीवाला

नोकरीची बरीच वर्षं पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणात गेली, म्हणून लिहितो. त्या पोराची कॉलर धरलीत, ते फार चांगलं केलंत.

योजनांच्या मागे लागायच्या आधी एक करा. तुमच्या केंद्राची निविदा आणि करारनामा मागून घ्या. बांधून चालवून द्यायच्या कामात "कर्मचारी प्रशिक्षण व हस्तांतरण" असं कलम किंवा दरपत्रकात तशी बाब बहुतेक वेळा असते. तशी असेल तर तुमच्या मुलांच्या प्रशिक्षणाचे पैसे मंजूर झालेले आहेत आणि ते काम ठेकेदाराने करायचं बाकी आहे. मार्चमध्ये अंतिम देयक निघालं की मग कुणी ऐकणार नाही, म्हणून आत्ताच बघा.

आता अनुदानाचं. स्वच्छ भारत अभियान (नागरी) २.० हे १ ऑक्टोबर २०२१ पासून पाच वर्षांचं आहे. एक लाखापेक्षा कमी लोकसंख्येच्या शहरांना वापरलेल्या पाण्याच्या व्यवस्थापनासाठी पैसा त्यातून मिळतो. त्याच अभियानात क्षमता बांधणी, म्हणजे माणसांचं प्रशिक्षण, हा स्वतंत्र भाग आहे. तो निधी राज्याच्या पातळीवर असतो, थेट तुमच्या खात्यात येत नाही. म्हणून अर्ज मुलांनी नाही, मुख्याधिकाऱ्यांनी करायचा. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नगरपालिका प्रशासन शाखेमार्फत राज्य अभियान संचालनालयाकडे. पत्रात "प्रशिक्षण मिळावे" एवढंच लिहू नका. किती माणसं, केंद्राची क्षमता, पद्धत कोणती, हस्तांतरणाची तारीख, हे सगळं द्या. आचारसंहितेत नवीन मंजुऱ्या अडतात, पण प्रस्ताव तयार करून ठेवायला काहीच आड येत नाही.

संस्था म्हणाल तर नाशिकला महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची "मित्रा" ही प्रशिक्षण प्रबोधिनी आहे. पाणी आणि मलनिस्सारण हाच तिचा विषय. कोकणातून लांब पडते, पण राहून शिकता येतं.

आणि नाशिक होईपर्यंत थांबू नका. केंद्रीय सार्वजनिक आरोग्य व पर्यावरण अभियांत्रिकी संघटनेची २०१३ ची मलनिस्सारण नियमपुस्तिका तीन भागांत आहे. त्यातला दुसरा भाग सगळाच चालवणं आणि देखभाल यावर आहे. केंद्रीय मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. भाषा इंग्रजी, पण तुम्ही वाचून मुलांना सांगू शकाल.

रोज सकाळी एक गोष्ट करायला लावा. एअरेशन टाकीतलं एक लिटर पाणी काचेच्या उभ्या जारमध्ये घ्या आणि न हलवता तीस मिनिटं ठेवा. गाळ खाली बसतो. तुमच्या पद्धतीच्या केंद्रात साधारण २५० ते ३०० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत बसला आणि वरचं पाणी नितळ राहिलं तर तब्येत बरी. बसायला वेळ लागला, वर आला, काळा दिसला, तर काहीतरी बिघडलंय. रात्रपाळीच्या त्या दादालाच हा जार लावायला द्या. जिवाणू म्हणजे काय ते दोन आठवड्यांत त्याला डोळ्यांनी दिसेल.

कौशल्य केंद्र

वरचा करारनाम्याचा मुद्दा अगदी पहिला, त्याला +१. मी कौशल्य विकासाच्या प्रशिक्षण केंद्रात काम करते. त्या बाजूचं सांगते.

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत "पूर्वज्ञानाची मान्यता" असा भाग आहे, सगळे त्याला आरपीएल म्हणतात. आधीपासून काम करत असलेल्या माणसाला थोडी उजळणी देतात, परीक्षा घेतात आणि सरकारी प्रमाणपत्र देतात. उमेदवाराला फी नाही. सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या तंत्रज्ञाचं काम स्किल कौन्सिल फॉर ग्रीन जॉब्स या पर्यावरणाशी संबंधित कामांच्या कौशल्य परिषदेकडे येतं. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये ही योजना मार्च २०२६ पर्यंत चालू ठेवायला मंजुरी दिली होती, म्हणून आता काय स्थिती आहे ते आधी विचारून घ्या.

एक स्पष्ट सांगते. आरपीएल म्हणजे शिकवणी नव्हे. येतं त्यावर शिक्का मिळतो. तुमच्या मुलांना आधी शिकवणं हवंय, म्हणून नाशिक किंवा ठेकेदाराकडचं प्रशिक्षण आधी आणि आरपीएल नंतर, असा क्रम ठेवा.

दुसरी अडचण संख्येची. चार जणांसाठी कोणी शिबिर लावत नाही. आजूबाजूचे चालक जमवा. गणपतीपुळे-गुहागरकडची मोठी हॉटेलं, रुग्णालयं, मोठ्या गृहसंकुलांचे छोटे प्लँट, लोटे-परशुराम वसाहतीतले कारखाने, सगळीकडे तुमच्यासारखीच मुलं आहेत. वीस-पंचवीस नावांची यादी घेऊन जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात जा. यादी हातात असली की बोलणं पुढे सरकतं.

युवा योजनेतल्या मुलासाठी शिकाऊ उमेदवारी बघा. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, महिना कमाल १,५०० रुपये, केंद्र सरकार देतं. बाकीचा आस्थापनेने द्यायचा. चारपासून एकोणतीस कर्मचारी असलेल्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे, तीस किंवा जास्त असतील तर शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक. तुमच्या ठेकेदाराची एकूण माणसं किती, ते विचारून घ्या. बाकीच्या तिघांना हे लागू नाही, ते आधीच कामावर आहेत.

माडाखाली

तुमचा दुखणा ताच आमचा. मी सिंधुदुर्गातून. आमच्याकडे केंद्र नाही, सेप्टिक टँक उपसणारी गाडी आहे, आणि गाडीवरची दोन माणसं.

एक नाव जोडतो, "नमस्ते" योजना. गटारं आणि सेप्टिक टँकवर काम करणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने २०२३-२४ पासून आणली. आधी कामगारांची नोंदणी होते, मग सुरक्षा साधनांचा संच, सुरक्षिततेचं प्रशिक्षण आणि आयुष्मान कार्ड. तुमच्या चौघांपैकी चेंबर, वेट वेल साफ करायचं काम ज्यांच्याकडे येतं त्यांची नावं नोंदवता येतात का ते नगरपंचायतीत विचारा. आमच्या दोघांची नोंद झाली तेव्हा पहिल्यांदाच त्यांचं काम कागदावर आलं.

आणि त्या विहिरीच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणूस गटारात उतरवणं गुन्हा आहे. २० ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने गटारात उतरून झालेल्या मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. मुलांनाही माहीत असू दे, म्हणजे उद्या साहेबांनी "उतर" म्हटलं तरी त्यांना नाही म्हणता येईल.

खाडीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, जार आणला, शाळेच्या प्रयोगशाळेतून मागून. रात्रपाळीच्या दादाकडेच दिलाय. पहिल्या दिवशी गाळ सातशेच्या खुणेवर. त्याने मला मध्यरात्री फोटो पाठवला, खाली लिहिलं, "दादा, हे बसतच नाही, आजारी आहेत का?" मी तो फोटो जपून ठेवलाय. गाळ जादा झाला होता, तो चार दिवस थोडा थोडा काढत गेलो.

करारनामा मागितलाय. अर्ज आवक-जावकला नोंदवून पोच घेतली.

खाडीकाठ

(सोळा दिवसांनी) अपडेट देतो.

करारनाम्याची प्रत मिळाली. बांधकामाच्या दरपत्रकाच्या शेवटून दुसऱ्या पानावर ती बाब आहे, "नगरपंचायतीच्या कर्मचाऱ्यांना चालन व देखभालीचे प्रशिक्षण, मराठी माहितीपत्रकासह". रक्कमही आहे. हे पान दोन वर्षं कपाटात पडून होतं. अभियंता साहेबांना दाखवलं, त्यांनी लगेच ठेकेदाराला पत्र काढलं. ठेकेदाराने जानेवारीत आठ दिवस देतो म्हणून लेखी कळवलंय. पहिला दिवस विहिरीच्या सुरक्षिततेचा ठेवा, असं मी सांगितलंय.

नाशिकसाठी आणि अभियानाच्या क्षमता बांधणी निधीसाठी प्रस्ताव तयार आहे. आचारसंहिता उठली की जाईल. आरपीएलसाठी आतापर्यंत चौदा नावं जमली, त्यातली सहा हॉटेलांमधली. एका ठिकाणी मालक म्हणाले, आमचा प्लँट माळीच बघतो, त्याचं नाव घ्या. घेतलं.

आता एकच अडलंय. आमच्या तिघांची हजेरी माणसं पुरवणाऱ्या एजन्सीकडे लागते आणि तिथे त्यांचं काम "मदतनीस" असं लिहिलंय. आरपीएलला अनुभवाचं पत्र लागलं तर ते एजन्सीचं चालेल की नगरपंचायतीचं?

कौशल्य केंद्र

दोन्ही घ्या. एजन्सीचं पत्र नोकरीच्या तारखांसाठी. नगरपंचायतीच्या पत्रात मात्र प्रत्यक्ष काम लिहून घ्या: ब्लोअर, पंप, गाळ काढणं, जारची चाचणी, लॉगबुक. सही-शिक्क्यासह. "मदतनीस" शब्द त्या पत्रात येऊ देऊ नका. आणि माळीदादांच्या मालकांकडूनही तसंच पत्र आत्ताच घ्या, हंगामात ते भेटणार नाहीत.

खाडीकाठ

उद्याच टाइप करून नेतो. चारही पत्रं.