मदत हवी आहे: इलेक्ट्रिक गाडीचे ब्रेक लाइट मागच्याला दिसत नाहीत, काय बदल करता येईल?

नमस्कार मंडळी,

मी दारव्हा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत विज्ञान शिकवते आणि यवतमाळहून अप-डाऊन करते. गाडी छोटी इलेक्ट्रिक हॅचबॅक आहे, खालच्या व्हेरियंटची. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझा प्रश्न बऱ्याच गाड्यांना लागू होईल असं वाटतं.

त्रास असा आहे की मी ब्रेक लावला हे मागून येणाऱ्याला उशिरा कळतं. परवा लाडखेडच्या पुढे रोही (नीलगायी) आडवे आले म्हणून मी गाडी हळू केली, तर दुधाचे कॅन घेऊन येणारा मोटारसायकलवाला अगदी शेवटच्या क्षणी बाजूला झाला. थांबून म्हणाला, "ताई, तुमचा लाइट लागलाच नाही." माझ्या मागे गाडी चालवणाऱ्या सहकाऱ्यांनीही हे आधी सांगितलं होतं. आता कापसाच्या गाड्या जिनिंगकडे निघाल्या आहेत. ट्रॅक्टर-ट्रॉली, बैलगाड्या, काळीपिवळी, सगळे एकाच रस्त्यावर आणि सगळे एकमेकांच्या अगदी जवळ. त्यामुळे हे काम मला लवकर करायचं आहे.

माझ्या समजुतीप्रमाणे इथे दोन वेगळे प्रश्न आहेत.

पहिला उन्हाचा. शाळा सुटल्यावर मी पूर्वेकडे येते. हिवाळ्यात त्या वेळी सूर्य खाली उतरलेला असतो आणि ऊन सरळ माझ्या गाडीच्या पाठीवर पडतं. लाल काच उन्हानेच चमकते, मग आतला बल्ब पेटला काय आणि विझला काय, फरक दिसत नाही. टेल आणि ब्रेक मिळून एकच दोन तारांचा बल्ब आहे, ५ वॅट आणि २१ वॅटचा. तिसरा ब्रेक लाइट आहे, पण तो मागच्या काचेच्या आतून. या व्हेरियंटला मागे वायपर नाही. हॅचबॅकच्या पाठीमागे हवा भोवरा धरते आणि सगळी धूळ काचेवर व लाइटवर आणून बसवते. घरून पुसून निघाले तरी शाळेत पोचेपर्यंत काळ्या मातीचा थर बसलेला असतो.

दुसरा रीजेनचा, म्हणजे रीजनरेटिव्ह ब्रेकिंगचा. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटर जनरेटरसारखी चालते आणि गाडी आपोआप मंदावते. तेव्हा ब्रेक लाइट नेमका कधी लागतो? मोबाईलवर फायफॉक्स हे मोफत ॲप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने शाळा-कॉलेजच्या प्रयोगांसाठी बनवलेलं. त्यात मंदन, म्हणजे वेग किती झपाट्याने उतरतो ते, मोजता येतं. मोकळ्या रस्त्यावर शेजारी सहकारी बसवून मोजलं आणि मागच्या गाडीतून व्हिडिओ घेतला. रीजेन सगळ्यात जास्त ठेवला तर मंदन साधारण १.५ मीटर प्रति सेकंद वर्ग येतं आणि लाइट लागतो. मधल्या पातळीवर साधारण १ येतं आणि लाइट लागत नाही. मी रोज मधलीच पातळी वापरते.

संयुक्त राष्ट्रांच्या आर-१३एच नियमात असं आहे की रीजेनमुळे होणारं मंदन ०.७ पर्यंत असेल तर ब्रेक लाइट लागू नये, १.३ च्या वर गेलं तर लागलाच पाहिजे, आणि मधल्या पट्ट्यात कंपनीची मर्जी. माझी गाडी नेमकी त्या मधल्या पट्ट्यात सापडते. मंदन १ असेल तर तीन सेकंदांत वेग जवळपास ११ किमीने उतरतो, आणि मागच्याला त्याची काहीच खूण मिळत नाही.

आता विचारायचं ते. बल्ब काढून त्याच जागी एलईडी टाकला तर फायदा होईल का? बाहेरून आणखी एक ब्रेक लाइट बसवता येईल का, आणि वायर कुठून घ्यावी? बाजारात लुकलुकणारे ब्रेक लाइट मिळतात, ते चालतात का? आणि हे सगळं करताना आरटीओ, वॉरंटी, विमा यांत अडकायला नको.

फ्यूजबॉक्स (दिग्रस)

ताई, बल्बले हात लावायच्या आधी अर्थिंग, म्हणजे बल्बची मायनसची जोडणी, पाहा. माह्याकडे येणाऱ्या निम्म्या "लाइट मंद आहे" गाड्यांचा रोग तोच असते. आपल्याकडे पावसाळ्यात चिखल, मग उन्हाळा, टेल लॅम्पच्या कनेक्टरमधी हिरवा गंज धरते.

मल्टिमीटर घ्या. कोणाले तरी ब्रेक दाबून धरायले सांगा. मीटरचं एक टोक बल्बच्या अर्थ पिनवर, दुसरं १२ व्होल्टच्या बॅटरीच्या मायनसवर. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थ खराब समजा. तारेच्या बल्बचं असं आहे की व्होल्टेज १० टक्के कमी झालं तर उजेड १० टक्के नाही, जवळपास ३० टक्के कमी होते.

अन एक गोष्ट ध्यानात ठेवा. नारंगी रंगाच्या वायरीजवळ हात न्यायचा नाही. ते हाय व्होल्टेज आहे, ट्रेनिंग घेतलेल्या माणसाचं काम. टेल लाइटचं सगळं काम १२ व्होल्टवर चालते, त्यात भीती नाही.

रानवाट (कारंजा लाड)

मीही इलेक्ट्रिक चालवतो. रीजेनच्या प्रश्नाला बल्ब बदलून उत्तर मिळणार नाही, कारण लाइट लावायचा की नाही हे गाडीचं सॉफ्टवेअर ठरवतं. मी एवढंच करतो: मागे कोणी चिकटलेलं असेल तर पाय काढण्याबरोबर ब्रेक पेडलला हलका स्पर्श करतो. पेडलचा स्विच लागला की लाइट लागतोच, मंदन कितीही असो. गावातून जाताना रीजेन कमीत कमी ठेवतो, म्हणजे प्रत्येक वेळी हळू व्हायला पेडलच दाबावं लागतं आणि दिवा लागतो. थोडी बॅटरी जास्त जाते, जाऊ द्या.

तुमच्या मोजणीबद्दल एक सूचना: चार्ज किती होता ते लिहून ठेवा. बॅटरी पूर्ण भरलेली असताना तिला आणखी वीज घेता येत नाही, म्हणून रीजेन दुबळा पडतो. सकाळी १०० टक्के चार्जवर घेतलेला आकडा आणि संध्याकाळचा आकडा वेगळा येईल.

कागदपत्र (अमरावती)

कायद्याचं सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरची मूळ माहिती बदलेल असा बदल मालकाला मनाने करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. बल्ब बदलला म्हणून आरसी बदलत नाही. पण लाइट कुठे, किती आणि कोणत्या रंगाचा असावा याला एआयएस-००८ हे मानक आहे, आणि अपघातानंतर विमा सर्व्हेअर गाडी पाहतो तेव्हा बाहेरून चिकटवलेली पट्टी त्याच्या नजरेत आधी भरते. मागे पांढरा किंवा निळा दिवा नको, लाल काचेवर काळी फिल्म तर मुळीच नको.

लुकलुकणाऱ्याबद्दल: युरोपातल्या नियमात ब्रेक लाइट लुकलुकण्याची सोय आहे, पण ती फक्त आणीबाणीच्या ब्रेकसाठी. कारसाठी वेग ५० किमीच्या वर आणि मंदन ६ च्या वर असेल तेव्हाच. तेही कंपनीने बसवलेलं. बाजारातली वस्तू रोही दिसला तरी लुकलुकते आणि गतिरोधकावरही. रोजच लुकलुकणाऱ्या दिव्याकडे मागच्याने घाबरून कधी पाहायचं? माझं मत स्पष्ट आहे, ते घेऊ नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. फ्यूजबॉक्स भाऊ, तुम्ही सांगितलेलं आधी केलं. डाव्या बाजूला ०.९ व्होल्ट निघाला, उजव्या बाजूला जवळजवळ शून्य. कनेक्टर उघडला तर अर्थ पिन हिरवी पडलेली होती. इलेक्ट्रिशियनने पिन साफ करून नवी बसवली, आता दोन्ही बाजू सारख्या आहेत. व्हिडिओतही डावी बाजू उजळ दिसते.

एलईडी बल्ब एका ओळखीच्या दुकानातून परत करण्याच्या बोलीवर आणले आणि रात्री अंगणात मोजले. भिंतीसमोर गाडी, ठरावीक अंतरावर मोबाईल, त्याच ॲपमधला प्रकाशमापक. मूळ बल्बला ब्रेक लावल्यावर उजेड नुसत्या टेलच्या साधारण आठपट. पांढऱ्या एलईडीला जेमतेम तिप्पट! त्याचा टेल लाइटच इतका प्रखर आहे की ब्रेक लागला तरी फरक जाणवत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आर-७ नियमात एकत्र बसवलेल्या टेल-ब्रेकसाठी हे गुणोत्तर कमीत कमी ५ सांगितलं आहे. म्हणजे नुसत्या नजरेला "काय झकास दिसतो" वाटणारा हा बल्ब रात्री माझ्या विद्यार्थ्यांच्या वडिलांच्या मोटारसायकलीला जास्त फसवणार. परत केले. कोणी घेणार असेल तर कृपया टेल आणि ब्रेक वेगवेगळे लावून तुलना करा, पाकिटावरचे वॅट पाहून घेऊ नका.

एलईडीचा एक फायदा मात्र खरा आहे. तारेच्या बल्बला पूर्ण उजळायला साधारण ०.२ सेकंद लागतात, एलईडीला जवळपास काहीच नाही. ८० किमी वेगाला ०.२ सेकंद म्हणजे साडेचार मीटर. म्हणून एलईडी हवाच आहे, पण त्यासाठीच घडवलेल्या दिव्यात.

फ्यूजबॉक्स

बरोबर मोजलं ताई. कारण असं आहे की रिफ्लेक्टर तारेच्या जागेचा हिशेब धरून बनवलेला असते. एलईडीच्या चिप दुसऱ्याच जागी, उजेड भलतीकडे जाते. त्यात पांढरा एलईडी लाल काचेमागं टाकला तर बराचसा उजेड काचच खाते. लालच्या मागं लालच पाहिजे. अन कॉम्प्युटर बल्ब तपासायले बारीक करंट सोडते, त्यानं एलईडी बंद असतानाही मिणमिणते. मग लोक रेझिस्टर लावतात. ६ ओहमचा रेझिस्टर ३० वॅट उष्णता काढते, प्लास्टिक वितळलेलं मी पाहिलं आहे.

तुमच्या मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटले मागं स्पॉइलर (काचेच्या वरची बाहेर आलेली पट्टी) येते न? त्यात बाहेरून एलईडी ब्रेक लाइट असते. तो स्पॉइलर पार्ट म्हणून मिळते. चेसिस नंबर देऊन काउंटरवर विचारा, कनेक्टर तुमच्याच वायरिंगले बसते का.

धागाकर्ती

विचारलं. कनेक्टर दोन पिनचाच, तोच बसतो. कंपनीचाच पार्ट, कंपनीच्याच जागी, वायर कुठेही कापायची नाही. मला हे सगळ्यात बरं वाटतं. वरचा तिसरा लाइट महत्त्वाचा का, हे वाचताना कळलं: अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून कारला तो सक्तीचा आहे, आणि त्यांच्या रस्ता सुरक्षा संस्थेने १९९८ मध्ये काढलेल्या हिशेबात मागून होणाऱ्या धडका त्याने ४.३ टक्के कमी झाल्या होत्या. आकडा छोटा दिसतो, पण त्यात दुधाचे कॅन घेऊन येणारा एक जण असेल तर मला पुरे.

एक शंका राहिली. ज्यांच्या गाडीला असा पार्ट मिळत नाही त्यांनी वायर कशी घ्यावी? शाळेतल्या दोघांना हवं आहे.

फ्यूजबॉक्स

ब्रेकच्या वायरवर सरळ दुसरा दिवा लटकवायचा नाही, कॉम्प्युटरले जास्तीचा लोड समजते अन एरर येते. रिले (बारीक करंटवर चालणारा स्विच) घ्या, कॉइलवर डायोडवाला. ब्रेकच्या वायरनं फक्त रिले उचलायचा, दिव्याचा करंट वेगळ्या १२ व्होल्ट लाइनवरून, सुरुवातीलेच ३ अँपिअरचा फ्यूज टाकून. जोड सोल्डर करून हीट श्रिंक चढवा, नुसती टेप पहिल्या पावसात सुटते. डिक्कीच्या दरवाज्यात वायर नेताना रबरी नळीतूनच न्या, नाहीतर दरवाजा उघडून-लावून वायर तुटते. अन कागदपत्र भाऊनं सांगितलं ते ध्यानात ठेवून, दिवा लाल, स्थिर अन मधोमध.

धागाकर्ती

स्पॉइलर बसला. काल संध्याकाळी सहकाऱ्याला मोटारसायकलवर मागे ठेवून बोरीअरबपासून यवतमाळपर्यंत आलो. खालचे दोन लाइट उन्हात अजूनही फिकेच आहेत, पण वरचा काचेच्या बाहेर आल्यामुळे लागला की लगेच कळतो, आणि ट्रॅक्टरच्या उंचीवरूनही दिसतो असं तो म्हणाला. डिक्कीत ओलं फडकं ठेवलं आहे, शाळा सुटली की तिन्ही लाइट पुसून निघते. गावांतून रीजेन कमी, बाहेर मधला, आणि मागे कोणी असलं की पेडलला स्पर्श.

मधल्या रीजेनला लाइट लागत नाही हे सर्व्हिस सेंटरला मोजणीसकट लेखी दिलं आहे. सॉफ्टवेअर अपडेटनंतर कोणाच्या गाडीत ब्रेक लाइट लवकर लागायला लागला असेल तर मॉडेल, रीजेनची पातळी आणि चार्जची टक्केवारी इथे नक्की लिहा. मला तो पुरावा अर्जाला जोडायचा आहे.